तुमची सौम्यता कुणाच्या वाट्याला येते?

एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं वगळून ते थोडक्यात देते.

वय ४२. तालुक्याच्या गावी शाळेत शिक्षिका. घरात नवरा, सासूबाई आणि १३ वर्षांची मुलगी. मंडळीच्या महिला संघात वर्षानुवर्षं काम. गेल्या वर्षी चर्चच्या छपराचे पत्रे बदलण्यासाठी वर्गणी गोळा झाली, पण तिचा हिशेब कुणी मांडेना. ताईंनी एका रविवारी उपासनेनंतर सगळ्यांसमोर खजिनदारांना विचारलं, आणि आवाज चढला. "तुम्ही हिशेब दडवताय," असं त्या बोलून गेल्या. खजिनदार वयाने मोठे. ते उठून निघून गेले. पुढच्या आठवड्यात पाळकांनी ताईंना बाजूला घेऊन सांगितलं, "ख्रिस्ती स्त्रीला सौम्यता शोभते. तुमचा स्वभाव तिखट आहे, त्यावर प्रार्थना करा."

ताईंनी ते मनावर घेतलं. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवसापासून, ठरवलं, की कुणाला उलट बोलायचं नाही. मंडळीच्या कमिटीत गप्प, शाळेत मुख्याध्यापकांपुढे गप्प, सासूबाईंपुढे गप्प. मंडळीत कौतुक झालं, "बाई किती बदलल्या!" आणि एका संध्याकाळी मुलीने डबा न खाता तसाच परत आणला, तेव्हा ताईंनी तो ओट्यावर आदळला. भाजी भिंतीवर उडाली. मुलगी म्हणाली, "बाहेर किती गोड बोलतेस, मम्मी. आम्हालाच असं." त्या रात्रीपासून दोघींत कामापुरतं बोलणं आहे.

ताई विचारतात, "सौम्य होणं म्हणजे असंच गिळत राहणं का? स्वभावाला औषध नसतं म्हणतात. मग मी ख्रिस्ती म्हणून कमीच पडणार का?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा डब्यापाशी थांबले. हिशेबाचा प्रसंग तुम्ही दीड पान लिहिला आहे, डब्याचा चार ओळींत उरकला आहे. पण मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचं मूळ त्या चार ओळींत आहे.

मुलीच्या बोलण्याचा अर्थ तुम्ही "मी ढोंगी आहे" असा लावलात. मला ते तसं दिसत नाही. तेरा वर्षांच्या मुलीने तुम्हाला फक्त दिशा दाखवली आहे. ज्यांचा अधिकार तुमच्यावर चालतो त्यांच्यापुढे तुम्ही मऊ झालात आणि जिच्यावर तुमचा अधिकार चालतो तिच्या वाट्याला सगळा तिखटपणा आला. खजिनदार, मुख्याध्यापक, सासूबाई, सगळे सुटले. सापडली ती पोर. पवित्र शास्त्रातली सौम्यता नेमकी याच्या उलट वाहते.

हे मी मनाचं सांगत नाही. "जे सौम्य ते धन्य, कारण ते पृथ्वीचे वतन भोगतील," या वचनात "सौम्य" या जागी मूळ ग्रीकमध्ये "प्राऊस" असा शब्द आहे. संपूर्ण नव्या करारात हा शब्द चारच ठिकाणी येतो. एक, डोंगरावरच्या प्रवचनातलं हे वचन. ते सगळ्यांसाठी आहे. दुसरं, "मी जो मनाचा सौम्य व लीन आहे त्या माझे जू आपणांवर घ्या," हे प्रभूने स्वतःबद्दल सांगितलेलं. तिसरं, झावळ्यांच्या रविवारी गाढवावर बसून येरुशलेमेत येणारा राजा. तिथेही शुभवर्तमान लिहिणारा मत्तय हाच शब्द वापरतो. आणि चौथं ठिकाण पेत्राच्या पहिल्या पत्रात, जिथे तो स्त्रियांना "सौम्य व शांत आत्म्या"चा अलंकार घ्यायला सांगतो. आपल्या मंडळ्यांमध्ये हे चौथं ठिकाण फार पाठ असतं आणि बाकीची तीन विसरली जातात. चारांपैकी दोन जागा खुद्द प्रभू येशूच्या आहेत, ताई. "ख्रिस्ती स्त्रीला सौम्यता शोभते" हे वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. ती खजिनदारांना शोभते, पाळकांना शोभते, तुमच्या नवऱ्याला शोभते आणि तुम्हालाही शोभते.

आता झावळ्यांच्या त्याच अध्यायात थोडं पुढे चला, मत्तय २१. सौम्य राजा गाढवावरून उतरतो आणि थेट मंदिरात जातो. सराफांचे चौरंग उलथतो, कबुतरं विकणाऱ्यांच्या बैठका पालथ्या करतो. कबुतर म्हणजे गरिबाचं अर्पण; कोकरू परवडत नसे ते कबुतर आणत, मरीयेनेही तेच आणलं होतं. म्हणजे जिथे गरिबाच्या खिशाला हात घातला जात होता, तिथे तो कडक झाला. पण माझं लक्ष दरवेळी पुढच्या दोन-तीन ओळींकडे जातं. मंदिरात एवढी उलथापालथ झाल्यावर लोक पळायला हवे होते. तर आंधळे आणि पांगळे त्याच्याजवळ आले. पोरं मंदिरात ओरडत राहिली, आणि याजक त्यांच्यावर संतापले तेव्हा येशूने पोरांची बाजू घेतली.

त्या लेकरांना त्याची भीती वाटली नाही. चौरंग उलथलेले डोळ्यांदेखत पाहूनही वाटली नाही. राग कुणासाठी आहे आणि आपल्यासाठी काय आहे, हे मुलांना बरोबर कळतं. तुमच्या स्वयंपाकघरातून तुमची मुलगी मागे सरली. मला वाटतं, आपण सौम्य आहोत की नाही हे पाहायची जागा ही आहे: दुबळं माणूस आपल्याजवळ येतं, की आपल्यापासून सरतं?

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे. गेले कित्येक आठवडे तुम्ही जे केलंत त्याला मौन म्हणता येईल, प्रसंगी भीतीही म्हणता येईल. त्यामागे तळमळ होती, ती प्रभूने पाहिली आहे. तिला मी हलकं म्हणणार नाही. पण गिळलेला राग कुठे जात नाही. तो उतारावर वाहतो आणि घरात सगळ्यांत खालच्या पायरीवर जो उभा असेल त्याच्या अंगावर पडतो.

आवाज बारीक ठेवणं म्हणजेही सौम्यता नाही, हे मला फार उशिरा कळलं. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. एक मुलगा रोज उशिरा यायचा. एकदा मी त्याला अगदी हळू, अगदी गोड आवाजात विचारलं, "तुझ्या घरी घड्याळ नाही का रे?" वर्ग हसला. तो उभा राहून म्हणाला, "नाही, बाई." माझा आवाज तेव्हा जराही चढला नव्हता. आज तो मुलगा पन्नाशीला आला असेल, आणि मी अजून त्याच्यासाठी प्रार्थना करते.

तर मग सौम्यता कशी असते? "प्राऊस" हा शब्द ग्रीक लोक माणसाळलेल्या जनावरासाठीही वापरत. इथे आपल्याला परदेशी पुस्तक उघडायची गरज नाही, आपल्या शिवारात चित्र तयार आहे. माझे आजोबा नव्या गोऱ्ह्याला कधी एकट्याला जुंपत नसत. शेजारी म्हातारा, मुरलेला बैल. जू दोघांच्या खांद्यावर, शिवळा घातलेल्या, आणि मागे नांगराऐवजी नुसता ओंडका. पहिले काही दिवस गोऱ्हा अंग टाकायचा, बाजूला ओढायचा, फुरफुरायचा. म्हातारा आपल्या चालीने चालत राहायचा. ओझं खरं तर तोच ओढायचा. गोऱ्ह्याने फक्त पाऊल जुळवायचं. आजोबा कासरा सैल धरायचे. महिन्याभराने तोच गोऱ्हा नांगराला लागायचा. त्याची ताकद कुठेही गेलेली नसायची; उलट आता ती कामाला यायची, आणि लहान नातवंडं त्याच्या पोटाखालून गेली तरी तो पाय उचलत नसे.

"माझे जू आपणांवर घ्या व माझ्यापासून शिका" हे वचन वाचताना मला तो म्हातारा बैल दिसतो. प्रभूने तुम्हाला एकटीला जुंपलेलं नाही. तुम्ही मात्र राखेच्या बुधवारपासून स्वतःच स्वतःला वेसण घालून, स्वतःच कासरा खेचत होता. त्याने माणूस दमतं. आणि "तुमच्या जिवास विश्रांती मिळेल" हे त्याच वचनाचं पुढचं टोक आहे. ज्या सौम्यतेने जीव मेटाकुटीला येतो, ती त्याच्या जुवातली नसावी.

"स्वभावाला औषध नाही" ही म्हण आपण सगळेच वापरतो, पण ख्रिस्ती माणसाने ती जरा जपून वापरावी. मोशे पाहा. जुन्या करारातल्या गणना या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात लिहिलं आहे, की भूतलावर त्याच्याएवढा नम्र माणूस नव्हता. हाच मोशे तरुणपणी एका मिसरी माणसाला ठार करून वाळूत पुरून आला होता. त्याच्यातली धग गेली नाही. सोन्याचं वासरू पाहिल्यावर त्याने देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या फोडल्याच. पण बहीण मिर्याम आणि भाऊ अहरोन त्याच्याविरुद्ध बोलले तेव्हा तो स्वतःसाठी एक शब्द बोलला नाही, आणि मिर्यामेला कोड फुटलं तेव्हा तिला बरं कर म्हणून त्यानेच देवाला हाक मारली. स्वतःच्या मानासाठी गप्प, देवाच्या आणि दुसऱ्याच्या गोष्टीसाठी कडक.

आणि तरी तो एकदा चुकला. मरीबाच्या पाण्यापाशी लोकांना "बंडखोर" म्हणाला आणि खडकावर दोनदा काठी मारली. ही गोष्ट आहे त्या, गणनेच्या २०व्या अध्यायाचं पहिलं वचन उघडून बघा. तिथे मिर्याम मेल्याची नोंद आहे. लगेच पुढे पाणी नाही, लोकांची कुरकुर, आणि मोशेचा तोल जातो. शास्त्र कारण म्हणून ते सांगत नाही, पण मला तो दुःखाने आणि शिणाने वाकलेला म्हातारा दिसतो. तुम्ही लिहिलं आहे की डबा आपटला तो दिवस परीक्षेच्या कामाचा होता, सकाळपासून पोटात अन्न नव्हतं, आणि हल्ली रात्री झोप लागत नाही. ताई, याची लाज वाटून घेऊ नका, पण त्याकडे दुर्लक्षही करू नका. चाळिशीनंतर बाईच्या अंगात पुष्कळ बदल होतात. एकदा डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. एलीया संदेष्टा झुडपाखाली "आता पुरे" म्हणून पडला, तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं. शाळेतून घरी पोचलात की फाटकाशी दोन मिनिटं थांबा, आत जाऊन आधी पाणी प्या, काही खा, आणि मगच डबा, गृहपाठ, पसारा याकडे वळा. साधी गोष्ट आहे, पण बहुतेक घरांत रोजचे भडके याच अर्ध्या तासात उडतात.

आता हिशेबाचं. इथे तुम्ही दोन गोष्टींची गाठ मारून ठेवली आहे, ती आधी सोडवू. तुमची विचारण्याची रीत चुकली, हे तुम्हालाही मान्य आहे. "दडवताय" हा आरोप होता आणि तो वयस्क माणसावर चारचौघांत केला गेला. मत्तय १८ सांगतो की आधी एकट्याने, एकट्याला भेटा. पण प्रश्न चुकला नव्हता. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल वर्गणीबद्दल काय म्हणतो ते पाळकांनाही दाखवा. येरुशलेमेतल्या गरिबांसाठी जमवलेली रक्कम नेताना त्याने बरोबर मंडळ्यांनी नेमलेली माणसं घेतली, कारण या पैशावरून कुणी आपल्याला दोष देऊ नये, आणि व्यवहार देवाच्याच नाही तर माणसांच्या नजरेतही चोख असावा, असं त्याला वाटत होतं. पौलाला जे अपमानास्पद वाटलं नाही, ते आपल्या खजिनदारांना का वाटावं?

तेव्हा खजिनदारांच्या घरी जा. एकट्या जा, जमलं तर पाळकबाईंना बरोबर घ्या. म्हणा, "काका, मी त्या दिवशी सगळ्यांसमोर जे बोलले, त्याबद्दल मला माफ करा." इथे थांबा. चहा घ्या. लगेच "पण हिशेब" असं जोडू नका, नाहीतर माफी वाहून जाते. चार दिवसांनी कमिटीला दोन ओळींचं पत्र द्या: छपराच्या वर्गणीच्या जमाखर्चाच्या पावत्या सभासदांना कधी पाहायला मिळतील, ते कृपया कळवावं. सही, तारीख, एक प्रत स्वतःकडे. आवाज चढवायची गरजच पडत नाही, कारण कागद ओरडत नाही आणि विसरतही नाही. उत्तर आलं नाही तर पुन्हा तेच पत्र, त्याच भाषेत. प्रभूला महायाजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा त्यानेही हेच केलं: मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, नाहीतर मला का मारतोस? उलट मारलं नाही, आणि प्रश्न मागेही घेतला नाही.

बाईमाणसाने असा प्रश्न करणं शोभतं का, अशी शंका कुणी काढली तर त्यांना पंडिता रमाबाईंची आठवण द्या. दुष्काळातल्या अनाथ मुली आणि विधवा केडगावला पोटाशी धरणारी ही बाई. पण १८९७ साली पुण्यात प्लेग आला आणि सरकारी व्यवस्थेत बायकांचे हाल होताहेत असं त्यांना दिसलं, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. सत्ता इंग्रजांची होती, म्हणजे त्यांच्याच धर्माच्या लोकांची. लेकरांना जवळ घेणारे आणि ते पत्र लिहिणारे हात एकच होते.

मग आतला राग न्यायचा कुठे? स्तोत्रांत न्या. १३वं स्तोत्र "कोठवर?" या प्रश्नाने सुरू होतं आणि तो प्रश्न पहिल्या दोनच वचनांत चार वेळा येतो. देवाला हे चालतं, म्हणूनच ते शास्त्रात आहे. दार लावून मोठ्याने वाचा, खजिनदारांचं नाव घेऊन तक्रार करा, रडायचं तर रडा. आपण लहानपणापासून फक्त गोड प्रार्थना शिकलो, त्यामुळे कडू शब्दांना देवापाशी जागा उरली नाही आणि ते ओट्यापाशी सांडले. संघातली एखादी विश्वासू मैत्रीणही निवडा, जी आठवड्यातून एकदा तुम्हाला विचारेल, "घरी कशी आहेस?" मंडळीत कशी आहेस, हे विचारणारे पुष्कळ असतात.

तुमच्यासारखंच पत्र लिहायला बसलेल्या आणखी काही बहिणी हे वाचत असतील, त्यांच्यासाठी एक गोष्ट इथेच सांगते. घरात मारहाण होत असेल आणि कुणी "सौम्य राहा, सोसा" असं म्हणत असेल, तर तो सल्ला ऐकू नका. सौम्यता म्हणजे मार खाणं असं शास्त्रात कुठेही नाही. पौलाला फिलिप्पैत विनाचौकशी फटके मारले, आणि नंतर गुपचूप सोडून देऊ लागले, तेव्हा तो हललाच नाही. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, असं त्याने सांगितलं. २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तुमच्यासाठीच आहे. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा. माफ करणं ही पुढची गोष्ट झाली. आधी सुरक्षित जागी पोचा.

ताई, आता मुलीकडे या. खजिनदारांच्या घरी जायच्या आधी तिच्याकडे जा. हा क्रम बदलू नका. मोठ्या माणसाची माफी मागायला धैर्य लागतं, पण लेकराची मागायला जास्त लागतं, कारण ती मागितली नाही तरी कुणी विचारत नाही. ती अभ्यासाला बसली असेल तिथे शेजारी जमिनीवर बसा, तिच्या डोळ्यांच्या खाली. म्हणा, "मी डबा आपटला ते चुकलं. तुझी चूक नव्हती. राग दुसऱ्यांवरचा होता आणि तुझ्यावर काढला. तू म्हणालीस ते बरोबर होतं." यात "पण तूही डबा खायला हवा होतास" हे कुठेही येऊ देऊ नका, ते वाक्य कितीही खरं असलं तरी. डबा का परत आला हे नंतर कधीतरी, दुसऱ्या दिवशी, नुसतं विचारा, आणि ऐका. कदाचित भाजी आवडत नसेल. कदाचित शाळेत कुणी डब्यावरून काही बोललं असेल. तुम्हाला अजून ते माहीत नाही.

ती लगेच विरघळेल असं धरून चालू नका. "ठीक आहे" म्हणेल आणि वहीकडे वळेल. वळू द्या. गळ्यात पडून रडायला लावू नका, प्रार्थनेला बसवू नका. थोडा वेळ तशाच तिथे बसा आणि उठून स्वयंपाकाला लागा. भिंतीवर त्या भाजीचा डाग अजून असेल तर तो आज तुम्हीच पुसा, तिच्या देखत.